पालथी बशी

गाडी कणकवलीला हायवे सोडून फोंडाघाटच्या रस्त्याला लागली आणि सत्यवतीकाकीने भाषा बदलली. शिरोड्यापासून इथवर ती 'माका' नि 'तुका' करत आली होती. मागे बसलेल्या धाकट्या जावेला, म्हणजे मथुरेला, 'तुका काय कळता' म्हणून झालं होतं आणि गाडी हाकणाऱ्या आपल्या मुलाला, प्रीतमला, 'सावकाश रे' म्हणून झालं होतं. आता तिने पदर सारखा केला, घसा खाकरला आणि मान वळवून पुतणीला, मथुरेच्या मुलीला, म्हणाली, "किशोरी, तिथे गेल्यावर फोनमध्ये डोकं घालून बसायचं नाही. आणि शुद्ध बोलायचं."

किशोरीने मान हलवली. शुद्ध लिहिण्यात तरी तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं, फक्त हे घराला ठाऊक नव्हतं.

तुळशीचं लग्न लागलं आणि प्रीतमसाठी मुली बघायला सुरुवात झाली. फोंडाघाटच्या जितेंद्रशेटची मुलगी ही पहिलीच. कुणाच्या तरी ओळखीतून स्थळ आलं होतं आणि काकीने शेटना प्रीतमचा फोटो पाठवला होता. फोटोत प्रीतम गोव्याच्या एका मोठ्या हॉटेलातल्या पोहण्याच्या तलावासमोर उभा. तलाव खरा होता, प्रीतमही खरा होता. तिथली नोकरी तेवढी गणपतीच्या आधीच गेली होती, आणि हल्ली तो घरच्या होमस्टेच्या चादरींना इस्त्री करत असे. पण फोटोला इस्त्री दिसत नाही, असं काकीचं म्हणणं होतं.

फोटोच्या बाबतीत किशोरीला नावं ठेवायला तोंड नव्हतं. इन्स्टाग्रामवर तिचं 'लाटांच्या अल्याड' नावाचं खातं होतं. त्यावर बाल्कनीचा कठडा, कठड्यावर कॉफी, पलीकडे समुद्र, आणि खाली 'माझी सकाळ' वगैरे दोन ओळी. बाल्कनी वरच्या खोलीची, म्हणजे गिऱ्हाइकांची. एक गिऱ्हाईक गेल्यावर आणि दुसरं येण्याआधी, चादरी बदलायच्या निमित्ताने वर गेलं की किशोरीची सकाळ उगवायची. सीझन जोरात असला तर तिला आठवडाभर सकाळच नसायची. चेहरा ती कधी दाखवत नसे. चेहरा दाखवला की गावातलं कोणीतरी ओळखणार आणि 'काय गो, चादरी सुकल्यो?' असं खाली लिहून मोकळं होणार.

त्या खात्यावर तिला एक मैत्रीण मिळाली होती. गावात मैत्रिणी नव्हत्या असं नाही, पण त्यांना काही सांगितलं की संध्याकाळी ते बाजारात पोचायचं. ही निराळी. तिच्या खात्याचं नाव 'कपभर आभाळ'. रोज खिडकीत ठेवलेला एक कप, मागे धुक्यातला डोंगर. कप दरवेळी नवा. कोल्हापूरच्या बाहेर एक कॅफे आहे, तिथे मी बसते, असं तिने लिहिलं होतं, आणि एवढे कप असणारा कॅफे केवढा मोठा असेल या विचाराने किशोरी दबून गेली होती. दोघी रोज लिहायच्या, 'मला', 'तुला', 'किती गं छान'. खरी नावं विचारली नाहीत. आवाज तर कधीच पाठवला नाही. किशोरीला भीती होती ती तोंड उघडल्यावर बाहेर पडणाऱ्या मालवणी हेलाची. समोरचीला कसली भीती होती ते तिने विचारलं नव्हतं.

नावं नसली तरी बाकी सगळं होतं. आईच्या गुडघ्यापासून प्रीतमच्या गेलेल्या नोकरीपर्यंत घरातलं काही सांगायचं राहिलं नव्हतं, आणि काकीवर तर तिने पानंच्या पानं लिहिली होती. काकीचं नाव मात्र कधी घातलं नाही. आई स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणायची तेच घातलं, भवानी. काकीची चप्पल पडवीत वाजली की आई म्हणायची, "इली भवानी." किशोरी लहानपणापासून हे ऐकत आलेली. तिने लिहिलं होतं, 'आमच्या भवानीकाकी कुणाकडे चहाला गेल्या की आधी बशी पालथी करून कंपनीचं नाव बघतात, मग चहा पितात.' यावर त्या बाजूने हसून लोळणाऱ्या तोंडांची रांग आली होती.

गेल्याच आठवड्यात त्या बाजूचं हसणं थांबलं. मैत्रिणीने लिहिलं, घरी एक स्थळ येतंय. मला लग्न नकोय, मातीची भांडी करायला शिकवणाऱ्या कोल्हापूरच्या एका संस्थेत मला घेतलंय. बाबा म्हणतात, हे स्थळ जुळलं नाही तर जा. आता त्या लोकांनी नाही म्हणावं एवढीच प्रार्थना. किशोरीने ताबडतोब उत्तर दिलं होतं, 'मी तिथे असते ना, तर मीच मोडलं असतं तुझं लग्न.' आणि पुढे लाल बदाम टाकला होता. बदाम टाकायला काय जातं.

जितेंद्रशेटचं भांड्यांचं दुकान बाजारपेठेत, आणि दुकानावर घर. जिना चढताना कुकरच्या नि कपबश्यांच्या खोक्यांमधून वाट काढावी लागली. वर गेल्यावर शेट आणि त्यांची बायको दोघंही इतकं शुद्ध बोलू लागली की प्रीतम बिचारा घामाघूम झाला. काकीही मागे हटणाऱ्यातली नव्हती. "आपला परिसर अतिशय रमणीय आहे," ती म्हणाली. "आपल्याकडचा समुद्रही मनोहारी आहे असं ऐकलं," शेट म्हणाले. घरात एकमेकांना 'मेल्या' म्हणणारी ही दोन घरं, इथे बातम्या दिल्यासारखी बोलत होती. मथुरेने तर धास्तीने तोंडच मिटून घेतलं.

किशोरी खिडकीशी बसली आणि सहज बाहेर बघितलं. हिरवे गज, डाव्या बाजूचा एक वाकलेला. गजांच्या मागे डोंगर, आणि डोंगराच्या अंगावर तिरका गेलेला घाटरस्ता. त्या खिडकीला तिने वर्षभर लाइक दिलं होतं. आधी वाटलं, आपल्यालाच भास होतोय. मग आतून चहा आला, शेटच्या बायकोने आणलेला, आणि कपावरची निळी वेल किशोरीने ओळखली. दिवाळीच्या पाडव्याचा फोटो. 'आज आभाळ निळं आहे' असं खाली लिहिलेलं.

मुलगी लाडवांचं ताट घेऊन बाहेर आली. दीपिका तिचं नाव. साडी कडक, केस घट्ट बांधलेले, नजर जमिनीवर. प्रीतम एकदा बघून खाली बघायला विसरला. काकीने मात्र मुलीकडे नंतर बघायचं ठरवलं असावं. तिने कप उचलून बाजूला ठेवला, बशी पालथी केली आणि डोळ्यांजवळ नेली. बशीच्या पाठीवर दुकानाची किमतीची चिठ्ठी होती, सेट फळीवरून थेट वर आलेला, आणि ती चिठ्ठी नेमकी कंपनीच्या नावावर बसली होती. काकी नखाने चिठ्ठी खरवडू लागली.

ताट घेऊन वाकलेली दीपिका ते बघत तशीच थांबली. मग तिचा चेहरा उजळला, हरवलेलं माणूस जत्रेत दिसल्यावर उजळतो तसा. तिला बिचारीला ते खरंच नाव वाटत होतं. ती म्हणाली, "भवानीकाकी ना तुम्ही?"

खालच्या दुकानात कुणीतरी पातेलं वाजवून बघत होतं, तेवढाच आवाज राहिला.

"भवानी कोण?" काकीने आधी शुद्धात विचारलं. मग शुद्ध संपलं. "माका भवानी कोणी म्हटल्यान?" आणि तिची मान सावकाश धाकट्या जावेकडे वळली. किती वर्षांचा संशय त्या मानेत होता कोण जाणे. मथुरेने हातातला कप घाईने खाली ठेवला. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. किशोरीला उठून जिना उतरून पळून जावंसं वाटलं.

दीपिकाने काकीकडे बघितलं, पांढऱ्या पडलेल्या मथुरेकडे बघितलं, आणि खिडकीशी बसलेल्या मुलीवर तिची नजर थांबली. त्या नजरेत विचारणं होतं आणि उत्तरही होतं. मग ती ताट खाली ठेवून काकीच्या पाया पडली.

"रागावू नका हां काकी," ती म्हणाली. "माझ्या मामाच्या गावी भवानीआईचं देऊळ आहे. तुमचं हे कुंकू, ही नथ. तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहिलात ना, तेव्हापासून मला तीच आठवतेय. तोंडातून निघून गेलं."

काकीचा हात आपोआप कपाळाकडे गेला. कुंकू जागच्या जागी होतं. तिने प्रीतमकडे बघितलं, शेटकडे बघितलं, आणि ती खुर्चीत जरा मोठी झाली. देवीचं नाव असं कुणाच्याही तोंडी येत नाही, असं ती गंभीरपणे म्हणाली. पुढे तिने मुलीला एकही प्रश्न विचारला नाही. शेटनाच सांगितलं की आम्हाला मुलगी पसंत आहे, ओटी भरूनच जातो, आणि तोवर पोरींना आत बोलू द्या. ओटी भरली की शब्द दिला. आमच्याकडे त्यानंतर मागे फिरत नाहीत.

आतल्या खोलीत गेल्यावर दीपिकाने दार लोटून घेतलं.

"लाटांच्या अल्याड?" दीपिकाने विचारलं.

"कपभर आभाळ," किशोरी म्हणाली. "तुझा कॅफे..."

"खाली. रोज एक कप वर आणतंय, फोटो काढतंय, पुसून परत फळयेर ठेवतंय. बाबांका ठावक नाय." शुद्ध कधी सुटलं ते तिलाही कळलं नाही. "आणि तुझी बाल्कनी?"

"गिऱ्हाइकांची. मी थंय चादरी बदलतंय."

"माका वाटला तू लय श्रीमंत."

"माका वाटला तू कोल्हापूरची."

दोघी तोंडावर हात दाबून हसल्या, आणि हसता हसता किशोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने विचारलं की तू मध्ये पडलीस कशाला, गप्प राहिली असतीस तर काकीनेच उठून लग्न मोडलं असतं, तुला हवं होतं ते फुकट मिळालं असतं. दीपिका पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तूच लिवलंलंस," ती म्हणाली, "हे लिहिलेलं भवानीला कळलं तर घरात आमचं काही खरं नाही म्हणून. तुझ्या आवशीचां तोंड बघवना माका."

"आणि कोल्हापूर?"

"ऱ्हवला." मग ती घाईने म्हणाली, "ऱ्हवांदे गो. तू आसस ना थंय. आपण एका घरात ऱ्हवतलों."

हे ऐकून किशोरीला क्षणभर आनंद झाला, खोटं कशाला सांगा. रोज फोनमध्ये शोधायची ती मैत्रीण आयती घरात, चादरी पिळायला दुसऱ्या टोकाला. आपल्याला काही करायचंच नाही, नुसतं गप्प बसायचं, की झालं. आणि मग तिला आठवडाभरापूर्वीचा तो लाल बदाम आठवला, आणि स्वतःची शरम वाटली.

बाहेर मथुरा पिशवीतून नारळ आणि खण काढत होती. काकीने दीपिकाला पाटावर बसायला सांगितलं. प्रीतमने एव्हाना केस दोनदा सारखे केले होते. काकीने नारळ हातात घेतला.

"काकी, थांब," किशोरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "ता देवीवरसून नाय. भवानी म्हणजे तू. मीच लिवलंय तिका फोनावर. वरीसभर लिवतंय."

मग एकदा तोंड उघडल्यावर तिने सगळं सांगितलं. खातं, बाल्कनी, बशी. दीपिका नको नको म्हणून मान हलवत होती, तिकडे तिने बघितलंच नाही. काकी नारळ धरून उभीच होती.

"आणखी काय काय लिवलंस?" तिने विचारलं.

किशोरीचे डोळे प्रीतमकडे गेले, आणि प्रीतमने मान खाली घातली. काकीला पुढे विचारायची गरज पडली नाही. प्रीतमच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने तिचं काही वाईट केलं नव्हतं.

"आणि ह्या नाव तू खंय शिकलंस?"

आता घरातली सगळी तोंडं मथुरेकडे वळायच्या बेतात होती. "माझा मीच काढलंय," किशोरी म्हणाली. मथुरेचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तिला कंठ फुटला. त्या घरात पाऊल ठेवल्यापासून मिटलेलं तोंड असं सुटलं की विचारू नका. काय हे चेडू, कोणाक बोलता ह्या, आमच्या वैनीक नावां ठेवता, ज्या वैनीन माका धाकट्या भयणीसारख्या वागवल्यान. भवानी या नावाची खरी आई होती ती, तिनेच सगळ्यांत मोठा आवाज लावला. किशोरी खाली मान घालून ऐकत राहिली. काकीने जावेच्या खांद्यावर हात ठेवला. लग्न होऊन घरात आल्यापासून पहिल्यांदाच ठेवला असेल.

जितेंद्रशेटना एवढंच कळलं होतं की पोरींची आधीपासून ओळख आहे. ते म्हणाले की मग हे चांगलंच झालं की. काकीने नारळ पिशवीत परत घातला आणि ती पुन्हा शुद्धात शिरली.

"शेट, सून घरात आल्यावर तिला घर कळतं, तोपर्यंत तिला सवय होते," ती म्हणाली. "सगळं आधीच कळलेली सून आम्हाला परवडायची नाही. पत्रिका एकदा पुन्हा दाखवून घेतो."

पत्रिका पुन्हा दाखवून घेतो म्हणजे काय ते शेटना समजलं, त्यांच्या बायकोला समजलं. दीपिकाला तर सगळ्यांच्या आधी समजलं. ती पाटावरच बसून होती आणि डोळे पुसत होती. तिच्या आईला वाटलं, पोर अपमानाने रडतेय.

परत निघताना जागा बदलल्या. काकी आणि मथुरा मागे शेजारी बसल्या, आणि किशोरीला पुढे प्रीतमच्या बाजूला बसवलं, तिची सावलीही नको म्हणून. दोघींनी मिळून कसालपर्यंत तिचा उद्धार केला. फोन काढून घ्यायचा, कॉलेज बंद करायचं, वरच्या खोलीत पाऊल ठेवू द्यायचं नाही. एवढं एकमत त्या दोघींचं आजवर कुठल्याही गोष्टीवर झालं नव्हतं. एकीने सुरुवात करावी, दुसरीने पुरं करावं. किशोरी ऐकत होती आणि तिला भीती वाटत होती, वाईट वाटत होतं, आणि तरीही आत कुठेतरी हलकं वाटत होतं.

कसाल गेल्यावर मागचा आवाज थकला. प्रीतम समोर बघत म्हणाला, "बरां चेडू होतां."

"होतां," किशोरी म्हणाली. "माका माफ कर, दादा."

"माझा काय लिवलंलंस?"

"तू घरी आसस म्हणान. आणि इस्त्री माझ्यापेक्षा बरी करतस म्हणान."

त्याने नाकातून हवा सोडली. हसला की काय ते कळलं नाही, पण गाडी जरा सावकाश चालवायला लागला.

मागे काकीने पर्समधला आरसा काढला होता. कुंकू बघून झालं, नथ बघून झाली. मग तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मथुरे, भवानी म्हणजे नेमका कशावरसून असात गो?"

"देवीवरसून, वैनी," मथुरा म्हणाली. "आणखी कशावरसून असतला?"

काकीचा आरसा मात्र पर्समध्ये गेला नाही.

फोन अजून किशोरीकडेच होता. तो मांडीवर थरथरला. 'कपभर आभाळ' कडून निरोप होता, आणि त्यात 'मला' नव्हतं, 'गं' नव्हतं. लिहिलं होतं, 'बाबा कोल्हापूराक धाडतत. तू घरी पोचलंस काय गो?'

किशोरी त्या अक्षरांकडे बघत राहिली. टाइप करायला अंगठा उचलला आणि थांबली. मग तिने माइकच्या खुणेवर बोट दाबून धरलं, फोन तोंडाशी नेला. वर्षभरात पहिल्यांदा.

"नाय गो, आताच कुडाळ इला," ती म्हणाली. "भवानी मागे बसली आसा."

शेवटचा शब्द बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं, पण बोट उचललं गेलं होतं आणि निरोप गेला होता. प्रीतमने स्टिअरिंग घट्ट धरलं. मथुरेने डोळे मिटून घेतले. मागच्या सीटवर आरशाचं झाकण खट्कन मिटलं.

"भवानी आयकता म्हणान सांग तिका," काकी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आणि इचार, ती बशी खंयच्या कंपनीची."